ज्योत, वास आणि गंज: समुद्रकाठच्या रिफायनरीच्या गावात

मंडळी, रिफायनरीच्या गावात लहानाची मोठी झालेली माणसं एकत्र बसली की गप्पा ठरलेल्या वाटेनंच जातात. रात्री कधी मिट्ट काळोख झालाच नाही, चिमणीवर ज्योत होती ना. पहाटे सडक्या अंड्यांचा वास यायचा. मध्यरात्री वारा नसतानाही तावदानं थरथरायची. नवी सायकल दोन पावसाळ्यांत खलास. भोंगा झाला की घड्याळ जुळवून घ्यायचं. ऐकणाऱ्याला वाटतं, चला, बालपणाच्या हळव्या गोष्टी चालल्यात. पण या आठवणी नीट ऐकल्या तर ती चोख निरीक्षणं असतात. कंट्रोल रूमच्या रजिस्टरात ज्या नोंदी होत होत्या, त्याच बाहेर पोरं डोळ्यांनी आणि नाकानं टिपत होती. फक्त त्यांचा अर्थ त्यांना कुणी सांगितला नव्हता. आज तो सांगायचा प्रयत्न करतो.

आधी एक साधा प्रश्न. असा कारखाना समुद्रालाच चिकटून का? कच्चं तेल जहाजानं येतं आणि तयार माल बहुतेक जहाजानंच जातो, हे उघड आहे. मोठं क्रूडवाहू जहाज साधारण २० लाख बॅरल आणतं. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर, तेव्हा एका खेपेला जवळजवळ ३२ कोटी लिटर. दुसरं कारण थंडाव्याचं आहे. तापवलेलं सगळं पुन्हा थंड करावं लागतं आणि त्यासाठी पाणी लागतं, तेही बेसुमार. इराणच्या आखाताच्या टोकाशी आबादानची रिफायनरी १९१२ मध्ये सुरू झाली, तेव्हा तेल सुमारे २२० किलोमीटर आतल्या मस्जिद सुलेमानहून नळानं आणलं होतं. विहिरीपाशी कारखाना न काढता तेलच पाण्याकाठी आणायचं, हा हिशेब तेव्हापासूनचा आहे. आणि अशा किनाऱ्यावर कारखाना आला की ऊन, दमट हवा आणि मीठ ही तिन्ही सोबत येतात.

आता ज्योत. गावात कुणी तिला मशाल म्हणतं, कुणी नुसतं चिमणी. कारखान्यात ती फ्लेअर. पुष्कळांचा समज असा की ज्योत मोठी म्हणजे उत्पादन जोरात. खरं उलटं आहे. रिफायनरी सुरळीत चालू असताना फ्लेअरवर जवळपास काही जळतच नाही. टोकावरचे तीन-चार पायलट बर्नर, म्हणजे सतत जळत ठेवलेल्या छोट्या ज्योती, आणि नळात उलटी हवा शिरू नये म्हणून सोडलेला थोडासा पर्ज गॅस, एवढंच. ज्योत अचानक वाढली म्हणजे आत काहीतरी अडलंय: वीज गेली, कॉम्प्रेसर ट्रिप झाला, थंड पाण्याचा पंप बंद पडला. नाहीतर एखादं युनिट, म्हणजे कारखान्याचा एखादा विभाग, सुरू तरी होतंय किंवा बंद तरी.

गॅस तिथवर पोचतो कसा ते पाहू. दाबाखाली चालणाऱ्या प्रत्येक भांड्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. दाब ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की तो उघडतो, कुकरच्या शिट्टीसारखाच. फरक एवढाच की इथली वाफ पेटणारी, ती मोकळ्यावर सोडता येत नाही. म्हणून अशा सगळ्या व्हॉल्व्हच्या तोंडाचे नळ एका जाडजूड हेडरला, म्हणजे मुख्य नळाला, जोडतात. हा हेडर नॉक-आउट ड्रमकडे उतरता ठेवतात. ड्रम म्हणजे आडवं, पोकळ, मोठं टाकं. त्यात गॅसचा वेग मंदावतो आणि सोबत आलेले तेलाचे थेंब खाली बसतात. साधारण ३०० ते ६०० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा थेंब पुढे जाऊ नये, असं त्याचं माप काढतात. पुढे वॉटर सील, म्हणजे पाण्यात बुडवलेलं नळाचं तोंड. ज्योत मागे सरकलीच तर इथे अडते. मग उभी चिमणी.

ड्रम तुंबला तर काय होतं, हे गावानं बघितलेलं असतं. पातळी दाखवणारा गेज अडकला किंवा ड्रमचा पंप वेळेवर चालू झाला नाही, तर तेल गॅसबरोबर वर चढतं आणि टोकावरून पेटते थेंब खाली पडायला लागतात. म्हातारी माणसं त्याला आगीचा पाऊस म्हणतात. त्यात अतिशयोक्ती नाही, इंग्रजी पुस्तकांतही तोच शब्द आहे. आणि ज्योत एका लयीत मोठी-लहान, मोठी-लहान होत असेल, जणू कुणी श्वास घेतंय, तर सीलमधलं पाणी डुचमळतंय असं धरून चाला. पाणी इकडून तिकडे झालं की गॅसची वाट क्षणभर अडते आणि मग एकदम मोकळी होते.

धुराची गंमत आणखी आहे. गॅसला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन न जळता काजळी होऊन बाहेर पडतो. म्हणून टोकाभोवती वाफेची नोझलं बसवतात. वाफ जोरात आत घुसते आणि बाहेरची हवा सोबत ओढून नेते. किती वाफ लागते ते गॅसवर ठरतं. इथेनला किलोमागे ०.१० ते ०.१५ किलो वाफ पुरते, प्रोपेनला पाव किलोच्या वर लागते, आणि प्रोपिलीनसारखा काजळीबाज गॅस आला तर अर्ध्या ते ०.६ किलोपर्यंत जावं लागतं. आता कंट्रोल रूममधल्या माणसाची पंचाईत बघा. गॅस कोणत्या युनिटचा आणि किती येणार, हे त्याला अगोदर कळत नाही. वाफ कमी पडली तर काळे लोट उठतात आणि गावातून फोन येतात. तेव्हा तो सवयीनं वाफ जरा जास्तच ठेवतो. धूर जातो, ज्योत फिकट, जवळजवळ पारदर्शक होते आणि विमान उडाल्यासारखा आवाज सुरू होतो. वाफ फारच झाली की ज्योत इतकी थंड होते की गॅसचा काही भाग न जळता तसाच निसटतो. म्हणजे जी रात्र गावाला स्वच्छ वाटली, ती कारखान्याच्या दृष्टीनं सगळ्यात चांगली असेलच असं नाही. किंचित केशरी, कडेला धुराची नुसती रेघ उमटेल न उमटेल अशी ज्योत, तीच नीट चाललेली. हे वाक्य सार्वजनिक सभेत बोललं की लोक नाराज होतात, पण आहे ते असं आहे.

तावदानांची थरथर याच्याशीच जोडलेली आहे. मोठ्या, अस्थिर ज्योतीतून अगदी खालच्या पट्टीतला आवाज निघतो. कानाला तो जेमतेम कळतो, पण सैल बसलेल्या काचेला बरोबर सापडतो. काचेचा नैसर्गिक कंप जुळला की ती वाजू लागते. त्यामुळे पलंग हलला, भुताटकी झाली वगैरे जे सांगतात, त्यांच्या घराच्या खिडक्यांची पुट्टी तपासावी.

चिमणी इतकी उंच का, याचं उत्तर उष्णतेच्या हिशेबात आहे. माणूस साध्या कपड्यांत, वाटेल तितका वेळ उभा राहू शकेल अशी जागा म्हणजे जिथे दर चौरस मीटरला १.५८ किलोवॅटपेक्षा जास्त धग पोचत नाही. ४.७३ ला दोन-तीन मिनिटांत काम उरकून निघावं लागतं. आता भर दुपारचं ऊन एकटंच जवळपास १ किलोवॅट देतं. म्हणजे उष्ण किनाऱ्यावर मर्यादेचा अर्ध्याहून जास्त वाटा सूर्यानंच खाल्लेला असतो. थंड देशातला नकाशा उचलून तसाच इथे बसवला तर चिमणीखालून चालणारा माणूस भाजून निघेल.

आता वास. रिफायनरीचा वास असा एक वास नसतो, किमान चार असतात, आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. सडक्या अंड्यांचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. हवेच्या दशलक्ष भागांत एका भागाचा शंभरावा अंश असला तरी नाकाला तो लागतो. कुजलेल्या कोबीसारखा किंवा उग्र लसणासारखा वास मर्कॅप्टनचा. घरगुती गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, गळती कळावी म्हणून त्यात हाच घालतात. घशात काडेपेटी ओढल्यासारखी चरचर झाली तर सल्फर डायऑक्साइड. आणि गोडसर, डोकं जड करणारा वास आला तर कुठेतरी पेट्रोल भरलं जातंय किंवा टाकी श्वास सोडतेय.

पहिल्या वासापाशी जरा थांबतो, कारण त्याच्याबद्दल एक जीवघेणा गैरसमज गावोगाव आहे: "मघाशी वास येत होता, आता गेला, म्हणजे गॅस गेला." हायड्रोजन सल्फाइड दशलक्षात १०० भागांच्या घरात पोचला की काही मिनिटांत नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. गॅस तिथेच असतो, वाढतही असतो, फक्त कळायचं बंद होतं. ५००-७०० भागांना माणूस पाचेक मिनिटांत कोसळतो. त्याच्याही वर एक-दोन श्वास पुरतात. शिवाय हा गॅस हवेहून थोडा जड आहे, खड्ड्यात, गटारात, तळघरात साचतो. एक माणूस खड्ड्यात पडला, दुसरा त्याला काढायला उतरला, तिसरा दुसऱ्याला, असे अपघात याच गॅसचे. पंप दुरुस्त करणाऱ्याच्या छातीवर जे लहानसं यंत्र लटकलेलं दिसतं, ते याचसाठी. साधारण १० भागांना ते किंचाळायला लागतं, आणि किंचाळलं की माणसानं वाऱ्याला आडवं चालत, नंतर वाऱ्याच्या वरच्या अंगाला निघून जायचं. मागे वळून पाहायचं नाही.

हा गॅस येतो तेलातल्या गंधकातून. तो पकडून त्याचं पुन्हा गंधक करतात. रीत जुनी आहे, कार्ल फ्रीडरिश क्लाउस यांनी १८८३ मध्ये पेटंट घेतलेली. एक तृतीयांश गॅस जाळून सल्फर डायऑक्साइड करायचा, तो उरलेल्या दोन तृतीयांशाशी भिडवायचा, की गंधक आणि पाणी मिळतं. भट्टीत हजार अंशांच्या वर तापमान, पुढे ही क्रिया वेगानं घडवणारे अॅल्युमिनाचे थर. दोन-तीन टप्प्यांत ९५ ते ९८ टक्के गंधक हाती येतं. उरलेल्यासाठी वेगळं टेल गॅस युनिट. कारखान्याच्या कुंपणाआडून पिवळाधमक डोंगर दिसतो, तो हा. या युनिटची कटकट तापमानाची आहे. गंधक ११५ ते १२० अंशांच्या आसपास वितळतं, १६० च्या वर गेलं की एकदम काकवीहून दाट होतं. म्हणजे नळात ते साधारण १३० ते १५० च्या पट्ट्यात ठेवावं लागतं. म्हणून गंधकाच्या नळाला बाहेरून दुसरा नळ असतो, मधल्या पोकळीत वाफ खेळवलेली. वाफेतलं साचलेलं पाणी काढून टाकणारा एक सापळा, म्हणजे स्टीम ट्रॅप, अडकला की तेवढ्या भागातलं गंधक दगड होतं. युनिट थांबतं, गॅस फ्लेअरला वळतो, आणि दुसऱ्या दिवशी गावात घसे धरतात. दोन रुपयांच्या कचऱ्यानं अडलेला ट्रॅप आणि अख्ख्या गावाचा खोकला, नातं इतकं सरळ असतं.

वास कधी येईल हे मात्र वारा ठरवतो. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ करून घेतात. रिफायनरीच्या गावात ते नाकानं कळतात. दिवसा जमीन तापते, समुद्रावरून खारे वारे सुटतात आणि कारखान्याचा वास गावात आणतात. रात्री उशिरा उलट, मतलई वारे तो समुद्रावर नेतात. मधल्या दोन वेळा वाऱ्याची पाळी बदलते तेव्हा हवा ठप्प होते. पहाटे त्यात भर म्हणून जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, म्हणजे वर झाकण बसल्यासारखं. तेव्हा गळती तेवढीच असली तरी वास साचतो. पहाटेच्या शाळेला निघालेल्या मुलांना तो हटकून आठवतो, त्याचं कारण हे.

याहून चकवणारा प्रकार दुपारचा. उंच चिमणीचा धूर समुद्रावरून आलेल्या शांत हवेत सरळ, पसरट पट्ट्यासारखा आत जातो. कुंपणालगतच्या वस्तीला त्याचा पत्ता लागत नाही. पण तापलेल्या जमिनीवर हवेची घुसळण जसजसं आत जावं तसतशी उंच होत जाते. काही किलोमीटरवर ती त्या पट्ट्याला गाठते आणि अख्खा पट्टा खाली ओढते. मग कारखान्याला लागून राहणारे म्हणतात, "आम्हाला तर काही नाही," आणि लांबच्या वाडीतली माणसं डोळे चोळत असतात. दोघंही खरं बोलत असतात. हवा मोजायचं यंत्र फक्त फाटकापाशी लावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

उन्हाकडे वळतो. "उन्हाळ्यात दुपारी ज्योत मोठी असायची" असं कुणी म्हटलं की लोक हसतात, उन्हात ज्योत कशी दिसेल म्हणून. पण निरीक्षण बरोबर आहे. तेल तापवून वेगळं करायच्या उंच मनोऱ्यातून, म्हणजे कॉलममधून, वर आलेली वाफ थंड पाण्यावर पुन्हा द्रव करावी लागते. कूलिंग टॉवर पाण्याचा काही भाग उडवून बाकीचं थंड करतो. दर साडेपाच-सहा अंश थंडाव्याला साधारण एक टक्का पाणी उडतं. पण टॉवर कितीही चांगला असला तरी पाणी हवेच्या ओल्या बल्बच्या तापमानापेक्षा, म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो त्या आकड्यापेक्षा, तीन ते पाच अंश वरच राहतं. कोरड्या वाळवंटात हवा ४५ अंश असली तरी ओला बल्ब २२-२३ असू शकतो. किनाऱ्यावर हवा ३६ अंश आणि ओला बल्ब २८. म्हणजे पाणी ३१-३३ च्या खाली येणारच नाही. कंडेन्सर पुरा पडत नाही, द्रव न झालेला गॅस कॉलमच्या डोक्यावर साचतो, दाब चढतो, आणि शेवटी तो फ्लेअरकडे सोडावा लागतो. जाणते ऑपरेटर दुपारी बारा ते चार फीड, म्हणजे आत सोडायचं तेल, थोडं कमी करतात आणि रात्री भरून काढतात.

थेट समुद्राचं पाणी वापरलं तर ते अधिक थंड मिळतं, पण त्याबरोबर शिंपले, शेवाळ आणि जेलीफिश येतात. शिंपल्यांची पिल्लं नळात चिकटून वाढू नयेत म्हणून सतत थोडं क्लोरीन सोडतात. जेलीफिशची झुंड आली तर पाणी आत घेण्याच्या तोंडाची जाळी तासाभरात बुजते, आणि मग पाणी आटलं म्हणून युनिट ट्रिप, ज्योत आभाळाला.

टाक्यांचंही उन्हाशी वैर आहे. पक्क्या छपराची टाकी दिवसा तापते, आतली वाफ फुगते आणि छपरावरच्या ब्रीदर व्हॉल्व्हमधून बाहेर पडते. रात्री निवली की हवा आत ओढते. टाक्या पांढऱ्या रंगवतात त्या शोभेसाठी नव्हे, हा श्वास लहान राहावा म्हणून. सगळ्यात वाईट वेळ वळवाच्या पहिल्या सरीची. दिवसभर तापलेल्या पत्र्यावर एकदम गार पाणी पडतं, आतली वाफ आकसते आणि टाकी जोरात हवा ओढू पाहते. तेव्हा तो व्हॉल्व्ह गांधीलमाशीच्या घरट्यानं, मिठाच्या पापुद्र्यानं किंवा रंगाऱ्यानं बांधून विसरलेल्या प्लास्टिकनं बुजलेला असेल तर टाकी पिचते, रिकाम्या डब्यासारखी. इतका अजस्र पोलादी डबा, पण आतला दाब बाहेरच्यापेक्षा जेमतेम काही सेंटिमीटर पाण्याच्या उंचीएवढा उतरला तरी त्याला सोसत नाही. पत्रा बाहेर ढकलणारा दाब पेलायला बनवलेला असतो, आत खेचणारा नव्हे.

पेट्रोल आणि क्रूडच्या टाक्यांना म्हणून तरंगतं छप्पर देतात. वाफेला जागाच नाही. पण पाऊस पडला की ते छप्पर म्हणजे भलीमोठी परात. मधोमध निचऱ्याचं तोंड, तिथून टाकीच्या आतून जाणारी लवचीक नळी, आणि खाली जमिनीलगत एक व्हॉल्व्ह. नळीला भोक पडलं तर तेल बाहेर गळेल या भीतीनं तो व्हॉल्व्ह पुष्कळ ठिकाणी बंद ठेवतात आणि पाऊस लागला की माणूस जाऊन उघडतो. निचरा बंद असतानाही २४ तासांत २५० मिलिमीटर पाऊस झेलूनही छप्पर तरंगलं पाहिजे असं मानक आहे. मोसमी किनाऱ्यावर एवढा पाऊस एका रात्रीत पडल्याचे दिवस लोकांच्या स्मरणात असतात. त्या रात्री व्हॉल्व्हपर्यंत जायची वाट पाण्याखाली असेल तर छप्पर बुडतं आणि अख्ख्या टाकीचं तोंड उघडं पडतं. दुसऱ्या दिवशीचा गोड वास तो.

गंजाबद्दल थोडं घरगुती बोलू. पोलादाचा गंज मोजायचे वर्ग ठरलेले आहेत. खाऱ्या आणि कारखानी हवेच्या वर्गात साधं पोलाद पहिल्या वर्षी ८० ते २०० मायक्रॉन खाल्लं जातं, अतिखाऱ्या जागी २०० ते ७०० पर्यंत. जस्ताचा मुलामा त्या पहिल्या वर्गात वर्षाला चार ते आठ मायक्रॉन झिजतो, म्हणजे ८५ मायक्रॉनचा जाड मुलामा दहा ते वीस वर्षं टिकावा. बाजारातल्या पातळ मुलाम्याच्या जाळीला तेवढं आयुष्य मिळणार नाही, हे उघड आहे. एक गोष्ट पोरांनी हमखास पाहिलेली असते: उघड्यावरच्या गजापेक्षा छज्जाखालचा गज आधी गंजतो. कारण उघड्यावरचं मीठ पाऊस धुऊन नेतो, छज्जाखालचं तसंच बसून रात्रीची दमट हवा शोषत राहतं. म्हणून खिडकीचे गज रंगवायच्या आधी गोड्या पाण्यानं धुवायचे. नुसतं पुसून, खरवडून भागत नाही. रंगाखाली मीठ राहिलं की ते पाणी ओढतं आणि रंगाला फोड येतात. पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा, निदान तीन अंश उबदार असेल तेव्हाच ब्रश लावायचा. किनाऱ्यावर याचा अर्थ सकाळी ऊन चढल्यावर सुरुवात आणि संध्याकाळ पडायच्या आत शेवट.

कारखान्यातला खरा गंज मात्र दिसतच नाही. गरम नळांवर लोकरीसारखं इन्सुलेशन आणि वर चकचकीत पत्रा असतो. पत्र्याचा सांधा उघडला की खारं पाणी आत मुरतं आणि तिथेच राहतं. साधारण ५० ते १७५ अंशांचे नळ यात सर्वाधिक सापडतात. त्याहून गरम असले तर पाणी टिकत नाही, थंड असले तर गंज मंद. बाहेरून पत्रा चकाकतोय आणि आत नळ कागदासारखा झालाय, असं होतं. पाहणीला गेलेला जाणकार म्हणून आधी पत्र्यावर पाय दिल्याचे खड्डे शोधतो. तिथेच सांधा उघडलेला असतो.

भोंग्याबद्दल फार बोलत नाही. चढउताराचा लांब सूर बहुधा आगीचा, एकसुरी सूर बहुधा सगळं ठीक असल्याचा, पण हे गावागणिक बदलतं, तेव्हा आपल्या कारखान्याचे सूर विचारून घ्यावेत. गॅसची सूचना मिळाली तर करायचं काय, ते सांगतो. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्यूटेन दुप्पट. हा ढग धुरासारखा वर जात नाही, पाण्यासारखा उतारानं गटारातून वाहतो आणि ठिणगी शोधत फिरतो. म्हणून गाडी सुरू करायची नाही, दिवा लावायचा नाही आणि विझवायचाही नाही, बटणातली ठिणगी दोन्ही वेळा पडते. १४ सप्टेंबर १९९७ ला विशाखापट्टणमला असा ढग पेटला तेव्हा जहाजातून एलपीजी उतरवणं चालू होतं. २३ मार्च २००५ ला अमेरिकेतल्या टेक्सास सिटीच्या रिफायनरीत एक कॉलम सुरू करताना काठोकाठ भरला, आणि उसळलेला द्रव एका जुन्या मोकळ्या चिमणीतून बाहेर पडला. त्या चिमणीला फ्लेअर जोडलेली नव्हती. जवळच इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या एका डिझेल पिकअपनं बहुधा तो ढग पेटवला. १५ माणसं गेली. डोक्यावर ज्योत असलेली चिमणी डोळ्यांत खुपते खरी, पण ज्योत नसलेली चिमणी काय करते ते त्या दिवशी दिसलं.

शेवटी शटडाऊन. चार-पाच वर्षांतून एकदा युनिट महिनाभर पूर्ण बंद करतात. गावात फिटर, वेल्डर, परांची बांधणारे अशी हजारोंची भर पडते, खोल्या मिळेनाशा होतात. आत क्रम पक्का असतो. तेल काढून घ्यायचं, दाब उतरवायचा, वाफ मारून धुवायचं, मग प्रत्येक नळाच्या तोंडाशी लोखंडी चकती, म्हणजे ब्लाइंड, घालून तो तोडायचा. बंद व्हॉल्व्हवर भरवसा ठेवायचा नाही, तो कधीही गळतो. माणूस आत उतरण्याआधी हवा मोजायची: प्राणवायू १९.५ ते २३.५ टक्क्यांत, पेटणारा गॅस स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या (ज्या किमान प्रमाणाला तो पेटू शकतो त्याच्या) दहा टक्क्यांहून कमी, हायड्रोजन सल्फाइड जवळपास शून्य. एवढं करूनही कॉलम उघडल्यावर आत आपोआप आग लागू शकते. गंधकी तेलानं लोखंडावर जो काळा आयर्न सल्फाइडचा थर धरतो, तो वाळला आणि हवा लागली की काडीशिवाय पेटतो. म्हणून कॉलम उघडला की आतून पाण्यानं ओला ठेवतात. काम पहाटे सुरू करतात. दुपारी रेलिंगला हात लावला तर चटका बसतो आणि दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणजे शरीर थंड व्हायची वाटच बंद. दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी, तहान लागो न लागो.

सगळा कारखाना एकदम बंद असला तर फ्लेअरही विझवतात. गावात जन्मलेल्या लहान मुलांना तेव्हा पहिल्यांदा खरी काळोखी रात्र दिसते, आणि काहींना झोप येत नाही. ती पुन्हा पेटवण्याची रीत मात्र फार थोड्यांनी जवळून पाहिलेली असते. आधी हेडरमधली हवा नायट्रोजननं हाकलून देतात, कारण नळात हवा असताना ज्योत लावली तर ती आत धावते. मग चिमणीपासून लांब, जमिनीवर असलेल्या पॅनेलपाशी एक माणूस उभा राहतो. तिथून बोटभर जाडीची नळी प्रत्येक पायलटपर्यंत वर गेलेली असते. पहिलं काम नळीच्या सखल जागेचा ड्रेन उघडून साचलेलं पाणी काढणं. दमट किनाऱ्यावर ते हमखास असतं, आणि ते राहिलं तर पुढचं सगळं फुकट. मग हवा आणि गॅस ठरलेल्या प्रमाणात सोडून नळी टोकापर्यंत भरू द्यायची, मिनिटभर, कधी जास्त. गॅस कमी पडला किंवा घाई केली तर काहीच होत नाही. मग बटण दाबायचं. काचेच्या लहान खिडकीत निळसर लखाख दिसते, आगीचा गोळा नळीतून फट् आवाज करत वर धावतो, चिमणीच्या टोकाशी काही हललं का म्हणून सगळे माना वर करतात. पुष्कळदा पहिल्यांदा काही हलत नाही. पुन्हा ड्रेन, पुन्हा हवा, पुन्हा गॅस. मग केव्हातरी पायलटच्या थर्मोकपलचा, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेचा, आकडा चढायला लागतो, आणि पॅनेलपाशी उभा असलेला माणूस दुसऱ्या पायलटच्या नळीकडे वळतो.